जागेपणी विसावताना : योगनिद्रेची सुरुवात कशी करावी

योगनिद्रेत करायचं असं फार थोडं असतं. पाठीवर निजायचं, डोळे मिटायचे आणि कानावर पडणारा आवाज सांगेल तिकडे लक्ष नेत राहायचं. श्वास रोखायचा नाही, मन एकाग्र करायचं नाही, आलेले विचार हुसकावून लावायचे नाहीत. तरीही सुरुवात केलेले पुष्कळजण चार दिवसांत सोडून देतात. कुणाला पाचव्या मिनिटाला झोप लागते, तर कुणी ‘मला काहीच जाणवलं नाही’ म्हणून खट्टू होतं. या दोन्ही गोष्टी इतक्या सर्रास घडतात, की त्या आधीच माहीत असतील तर माणूस टिकून राहतो. विश्रांती आपोआप मिळते असं आपण धरून चालतो, पण दिवसभर ताणलेल्या शरीराला आणि मनाला सैल व्हायला शिकवावं लागतं. ते शिकवण्याची योगनिद्रेइतकी सोपी रीत मला दुसरी दिसत नाही.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगते. योगनिद्रा हे नाव फार जुनं आहे. देवीमाहात्म्यात ब्रह्मदेव विष्णूला जागं करण्यासाठी योगनिद्रेचीच स्तुती करतो. पण आज वर्गांतून आणि ध्वनिफितींतून शिकवली जाते ती टप्प्याटप्प्याची पद्धत विसाव्या शतकातली आहे. ती मुख्यतः स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी बसवली. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे ते शिष्य, आणि मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक. तंत्रमार्गात न्यास नावाचा एक विधी आहे. त्यात शरीराच्या एकेका अवयवावर मंत्राची स्थापना करतात. सत्यानंदांनी अवयवांवरून क्रमाने जाण्याची कल्पना तिथून घेतली आणि मंत्र बाजूला ठेवले, त्यामुळे ही पद्धत कुठल्याही श्रद्धेच्या किंवा श्रद्धा नसलेल्या माणसालाही करता येऊ लागली. ‘हजारो वर्षांपासून जशीच्या तशी चालत आलेली साधना’ असं तिचं वर्णन कुठे वाचलंत, तर ते बरोबर नाही, एवढं लक्षात ठेवा. पद्धत नवी असल्याने तिचा गुण कमी होत नाही.

आत नेमकं काय चालतं

जागेपण आणि झोप यांच्या मध्ये एक उंबरठा असतो. रोज रात्री आपण तो ओलांडतो, पण इतक्या झटकन, की तिथे असल्याचं कळतही नाही. योगनिद्रेत त्या उंबरठ्यावर थोडा वेळ थांबायचं असतं. डोळे मिटून स्वस्थ पडलं की मेंदूत अल्फा लहरी वाढतात, म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या. डुलकी लागू लागली की त्या ओसरतात आणि ४ ते ८ आवर्तनांच्या, अधिक संथ अशा थीटा लहरी दिसू लागतात. स्नायू सैल पडतात, श्वास लांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. जाणीव मात्र एका बारीक धाग्याने जागी राहते. तो धागा म्हणजे सूचना देणारा आवाज.

आवाज नसेल तर काय होतं, हे नुसतं शवासनात पडून पाहा. बहुतेकांचं मन दोन मिनिटांत उद्याच्या कामांकडे धावतं किंवा कालच्या बोलाचालीवर जाऊन बसतं. योगनिद्रेत मनाला अगदी हलकं काम दिलेलं असतं. आता अंगठा, आता तर्जनी, आता मनगट. काम इतकं सोपं की श्रम होत नाहीत, आणि इतकं चालतं की एका विचाराला धरून बसायला सवड मिळत नाही. ताण घालवण्याच्या दुसऱ्या काही पद्धतींत, उदाहरणार्थ एडमंड जेकबसन यांच्या १९२०च्या दशकातल्या पद्धतीत, एकेक स्नायू आधी आवळून मग सोडतात. इथे तेही नाही. अवयवाचं नाव ऐकायचं, तिथे क्षणभर जाणिवेने जायचं आणि पुढे सरकायचं. अवयव सैल करण्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, कारण प्रयत्न आला की मागोमाग ताण येतो.

तयारी

वेळ अशी निवडा की पोट भरलेलं नसेल. मोठ्या जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या. सकाळी उठल्यावर, दुपारी उशिरा, किंवा काम संपल्यावर संध्याकाळी, यांतली कुठलीही वेळ चालते. सुरुवातीला मी दुपारनंतरची वेळ सुचवेन. तेव्हा थकवा जाणवत असतो, पण रात्रीइतकी झोप अनावर नसते.

जमिनीवर सतरंजी किंवा जाड चटई घाला. पलंग टाळा, कारण पाठ गादीला टेकली की शरीराला झोपेचीच आठवण होते. जमिनीवर निजणं शक्य नसेल तर पलंगावर नेहमीपेक्षा उलट बाजूला डोकं करून झोपा, तेवढ्यानेही फरक पडतो. डोक्याखाली पातळ उशी किंवा घडी घातलेला टॉवेल घ्या. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेलं ब्लँकेट ठेवा. ही एक गोष्ट कंटाळा न करता कराच. पंधराव्या मिनिटाला कंबर कुरकुरू लागली की बाकीचं सगळं वाया जातं. अंगावर चादर घ्या, उकडत असलं तरी पातळशी घ्या. निश्चल पडल्यावर अंग थंड पडतं, आणि थंडी वाजू लागली की स्नायू पुन्हा आखडतात. चष्मा, घड्याळ, पट्टा काढून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. खोलीत मिट्ट काळोख करू नका, पडदा ओढून मंद उजेड राहू द्या.

आता पाठीवर निजा. पाय खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतरावर ठेवा, पावलं बाहेरच्या बाजूला कलू द्या. हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर. हनुवटी किंचित गळ्याकडे, म्हणजे मान मागे ताणली जात नाही. हेच शवासन. ते थकवा घालवतं आणि चित्ताला विश्रांती देतं, असं हठयोगप्रदीपिकेत सांगितलेलं आहे. एकदा सगळं अंग हलवून, कपडे सारखे करून घ्या. त्यानंतर शेवटापर्यंत हलायचं नाही.

आवाज कुणाचा?

वर्गात शिक्षक सूचना देतात. घरी करताना तयार ध्वनिफीत लावता येते, पण मला स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जास्त पटतं. गती आपल्या हातात राहते, भाषा आपली राहते, आणि रेकॉर्ड करता करताच क्रम पाठ होतो. आपलाच आवाज ऐकायला पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं. त्यावर उपाय म्हणजे घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगणं.

वाचताना आवाज नेहमीचा ठेवा. खर्जात जाऊन गूढ बोलण्याची गरज नाही, मागे संगीत नको. अवयवांची नावं घेताना एका नावावर साधारण दोन सेकंद द्या. याहून हळू वाचलं तर मधल्या पोकळीत मन भटकतं, आणि फार घाई केली तर ऐकणाऱ्याला मागे पडल्यासारखं वाटतं. फोन डोक्याजवळ ठेवून स्पीकरवर बारीक आवाजात लावा, कारण इयरफोनची वायर मानेला ओढ देते. हे रेकॉर्डिंग गाडी चालवताना कधीही लावू नका.

सत्राचे टप्पे

पहिली दोन-तीन मिनिटं स्थिरावण्यासाठी ठेवा. बाहेरचे आवाज ऐका, लांबचे आधी, मग जवळचे. कुठला आवाज कशाचा हे ठरवत बसू नका, एकावरून दुसऱ्यावर जा. मग शरीर जमिनीला कुठे कुठे टेकलंय ते जाणून घ्या: टाचा, पोटऱ्या, मांड्या, पाठ, डोक्याची मागची बाजू. मनातल्या मनात म्हणा, ‘मी योगनिद्रा करत आहे, मी जागा राहीन’ किंवा ‘जागी राहीन’.

यानंतर संकल्प येतो. एक छोटं, होकारार्थी वाक्य मनात तीनदा म्हणायचं असतं, आणि सत्राच्या शेवटी तेच शब्द पुन्हा. ‘मी धीराने वागतो’, ‘माझं मन स्थिर आहे’ असं काहीतरी. ते वर्तमानकाळात असावं, महिनोन्‌महिने तेच ठेवावं. माझं स्पष्ट मत असं, की पहिले काही आठवडे संकल्प न केला तरी चालेल. घाईने उचललेलं वाक्य दुसऱ्याच आठवड्यात परकं वाटू लागतं. सराव बसल्यावर आपल्याला खरोखर काय हवंय ते बहुधा स्वतःहून समोर येतं, त्याची वाट पाहा.

मग योगनिद्रेचा गाभा, म्हणजे शरीरभर लक्ष फिरवणं. याचा क्रम ठरलेला असतो, आणि रोज तोच ठेवावा, कारण तो अंगवळणी पडला की ‘पुढे काय’ हा प्रश्नही मनात उठत नाही. रेकॉर्ड करण्यासाठी इथे पूर्ण देते आहे.

‘लक्ष उजव्या हाताकडे न्या. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. तळहात, हाताची मागची बाजू, मनगट, कोपराखालचा हात, कोपर, दंड, खांदा, काख. उजवी कूस, कंबर, कुल्ला. मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय, पावलाची वरची बाजू. पायाचा अंगठा, दुसरं बोट, तिसरं, चौथं, पाचवं.’

हेच सगळं डाव्या बाजूला, हाताच्या अंगठ्यापासून पायाच्या पाचव्या बोटापर्यंत. त्यानंतर: ‘लक्ष पाठीकडे. उजव्या खांद्याचं फरं, डाव्या खांद्याचं फरं. उजवा नितंब, डावा नितंब. पाठीचा कणा. संपूर्ण पाठ.’ आणि मग पुढची बाजू: ‘डोक्याचा माथा, कपाळ. उजवी भुवई, डावी भुवई, दोन्ही भुवयांमधली जागा. उजवी पापणी, डावी पापणी. उजवा कान, डावा कान. उजवा गाल, डावा गाल. नाक, नाकाचं टोक. वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी, गळा. छातीची उजवी बाजू, डावी बाजू, छातीचा मध्य. बेंबी, ओटीपोट. संपूर्ण उजवा पाय, संपूर्ण डावा पाय, दोन्ही पाय एकत्र. संपूर्ण उजवा हात, डावा हात, दोन्ही हात एकत्र. सगळी पाठ, सगळी पुढची बाजू, डोकं. संपूर्ण शरीर एकदम. संपूर्ण शरीर.’

नाव ऐकून तिथे काहीतरी जाणवलंच पाहिजे, असं नाही. काहींना उष्णता किंवा मुंग्या जाणवतात, काहींना काहीच नाही. हाताची बोटं आणि ओठ बहुतेकांना चटकन सापडतात, पाठ आणि मांड्या धूसर राहतात. यामागे कारण आहे. स्पर्शाची जाणीव घेणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात हात आणि चेहरा यांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली असते. वायल्डर पेनफील्ड या न्यूरोसर्जननी १९३०च्या दशकात मेंदूवरच्या शस्त्रक्रियांदरम्यान तो नकाशा मांडला. म्हणून पाठ ‘सापडत नाही’ याची खंत करू नका. नाव मनात उच्चारा आणि पुढे चला.

पुढचा टप्पा श्वासाचा. श्वास बदलायचा नाही, नुसता मोजायचा. लक्ष बेंबीजवळ ठेवा आणि २७ पासून उलटे या: पोट वर येतंय २७, पोट खाली जातंय २७, पोट वर येतंय २६, खाली जातंय २६. आकडा चुकला की पुन्हा २७ वरून. चुकणारच, आणि पुष्कळदा चुकणार. १ पर्यंत पोचणं हे उद्दिष्टच नाही, आकडा निसटलाय हे ध्यानात येणं महत्त्वाचं. तेवढ्या क्षणी तुम्ही पुन्हा जागे झालेले असता.

नंतर परस्परविरोधी संवेदना: शरीर जड झालंय, जमिनीत रुततंय, मग तेच हलकं झालंय, वर तरंगतंय. याच पद्धतीने थंडी आणि उष्णता, वेदना आणि सुख अशाही जोड्या घेतात. नवख्यांनी पहिले काही आठवडे जड आणि हलकं यांवरच थांबावं. वेदना मुद्दाम आठवून पाहणं हे एकट्याने सुरुवातीला करायचं काम नाही. दृश्यांच्या टप्प्याचंही तसंच. समुद्र, दिवा, डोंगरवाट अशी चित्रं एकामागून एक सांगितली जातात. आवडली तर घ्या, नाहीतर तो टप्पा गाळून थेट शेवटाकडे या.

शेवट मात्र कधीही गाळू नका. श्वासाकडे लक्ष, मग शरीराकडे, मग खोलीतल्या आवाजांकडे. संकल्प घेतला असेल तर तीनदा. हाताची बोटं हलवा, पायाची हलवा, आळस द्या, कुशीवर वळा आणि थोडा वेळ तसेच पडून राहा. मग हाताचा आधार घेऊन उठून बसा आणि डोळे उघडा. रक्तदाब कमी असणाऱ्यांनी उठायला आणखी वेळ घ्यावा, नाहीतर भोवंडल्यासारखं होतं.

हे सगळं मिळून २० ते ३० मिनिटं होतात. एवढा वेळ नसेल तर स्थिरावणं, शरीरभर लक्ष फिरवणं आणि शेवट, एवढ्या तिघांत १५ मिनिटांचं चांगलं सत्र होतं.

झोप लागली तर

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रोज पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा शरीर झोपेची थकबाकी वसूल करत असतं. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी. ती मिळत नसेल तर आधी तिकडे बघा. ‘एक तास योगनिद्रा म्हणजे चार तास झोप’ हे वाक्य फार पसरलंय, पण त्याला पुरावा नाही, आणि त्याच्या भरवशावर झोप कमी करणं घातक आहे. योगनिद्रा झोपेची जागा घेत नाही. जागेपणातला ताण ती उतरवते.

झोप पुरेशी होऊनही डोळा लागत असेल तर वेळ बदलून पाहा, उजेड थोडा वाढवा, सत्र छोटं करा. आणखी एक जुना, हमखास उपाय आहे. एका हाताचं कोपर जमिनीवर टेकवून पुढचा हात सरळ उभा ठेवा. झोप आली की हात कलतो आणि तुम्ही जागे होता.

झोप लागली होती की नाही, हे ओळखायचं कसं? शेवटची सूचना ऐकून तुम्ही स्वतःहून बोटं हलवलीत, तर सत्र झालं असं समजा. मधे काही सूचना गाळल्यासारख्या वाटतील. आत्ता तर डावा हात चालू होता, एकदम गुडघा कसा आला? ही गळती म्हणजे उंबरठ्यावरची ये-जा. सराव वाढेल तसे हे खळगे लहान होत जातात.

याच उंबरठ्यावर कधी पाय एकदम झटका देतो, कधी बंद डोळ्यांपुढे अनोळखी चेहरे किंवा रंग येतात, कधी शरीराचा आकार बदलल्यासारखा वाटतो. झोपेत शिरताना हे सगळ्यांनाच होतं, एरवी आपण ते पाहायला जागे नसतो. त्यात आध्यात्मिक प्रगती शोधू नका आणि घाबरूही नका. नाकाला खाज सुटली तर आधी काही श्वास तिच्याकडे नुसतं पाहा. बहुधा ती विरते. नाहीच विरली तर खाजवा आणि परत या. कधी कधी काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी येतं. येऊ द्या.

कुणी जपून करावं

गरोदरपणाच्या उत्तरार्धात फार वेळ उताणं झोपू नये. डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करावं. आम्लपित्ताचा त्रास असेल तर पाठ आणि डोकं उशांनी उंचावून घ्या.

ज्यांनी आघात सोसला आहे, त्यांच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. डोळे मिटून, निश्चल पडून शरीराचा एकेक भाग जाणणं हे काहींसाठी मुळीच सुखाचं नसतं. दबलेली भीती एकदम वर येऊ शकते. असं असेल तर भिंतीला टेकून बसा, डोळे अर्धवट उघडे ठेवा, नकोसा वाटणारा अवयव खुशाल वगळा, आणि अस्वस्थ वाटताक्षणी थांबा. सत्र पूर्ण करण्याचं बंधन कुणावरही नाही. भास होणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास असतील तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याखेरीज सुरू करू नये. कुणीही कोणतंही औषध योगनिद्रेच्या भरवशावर बंद करू नये. निद्रानाश महिनोन्‌महिने चालू असेल तर त्यावर वर्तन आणि विचार यांवर आधारलेली, नीट तपासलेली उपचारपद्धती आहे. आधी डॉक्टरांना त्याबद्दल विचारा, योगनिद्रा जोडीला ठेवा.

फायद्याची अपेक्षा किती ठेवावी

कोपनहेगनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो. योगनिद्रेदरम्यान मेंदूच्या एका भागात डोपामिनचं स्रवणं सुमारे ६५ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज त्यात आहे. पण त्यात फक्त ८ जण होते, आणि तेही मुरलेले साधक. पहिल्याच आठवड्यात आपल्यालाही तसंच होईल, असं त्यातून निघत नाही. ताण, चिंता आणि झोपेची प्रत यांवरचे अभ्यास एकंदरीत आशादायक आहेत, पण बरेचसे लहान आहेत. ‘नॉन-स्लीप डीप रेस्ट’ या नावाने हल्ली फिरणाऱ्या ध्वनिफितीही बऱ्याच अंशी याच पद्धतीवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका.

रोजच्या अनुभवात आधी जाणवतात त्या गोष्टी साध्या असतात. दातांवर दात घट्ट बसलेत किंवा खांदे कानांपर्यंत वर आलेत, हे दिवसा काम करतानाच लक्षात येऊ लागतं. चिडण्याआधी अर्धा क्षण मिळतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर अंग सैल व्हायला कमी वेळ लागतो. यासाठी आठवड्यातून चार-पाच दिवस, एकाच वेळी, एकाच जागी सराव ठेवा. निदान पहिला महिना रेकॉर्डिंग बदलू नका. नव्या नव्या ध्वनिफिती चाखत राहिलात तर दरवेळी नवा आवाज तोलण्यातच सत्र निघून जातं.

क्रम पाठ झाला की खुर्चीतही करता येतं. पाठ टेकवा, दोन्ही तळपाय जमिनीवर, हात मांड्यांवर, डोकं मागे टेकत नसेल तर मान सरळ ठेवा. आवाज लावू नका. मनातल्या मनात उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजू, पाठ, चेहरा असं एकदा फिरा, मग दहा श्वास उलटे मोजा. मधेच क्रम तुटला तर जिथे आठवतं तिथून धरा. दोन कामांच्या मधल्या सात-आठ मिनिटांत एवढं सहज होतं.